तारेविकचा घरचा सामना

गुनवोर हेगस्टा उत्तरेकडच्या तारेविक या मासेमारीच्या गावातल्या फुटबॉल मैदानाची राखण करते. पगार नाही, नेमणूक नाही, कोणी सांगितलंही नाही. मासळीच्या कारखान्यातून निवृत्त झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी मैदानावर यायला लागली, एवढंच. सत्तरीला टेकलेली, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. उजवा गुडघा वाकत नाही, म्हणून पाय किंचित बाहेर फेकत चालते. कुंपणापाशी ती दिसली की मोठमोठे बाप्ये बूट झाडून मगच आत पाऊल टाकतात.

त्या गुडघ्याच्या कातडीखाली निळसर ठिपके आहेत. ते खडीचे. तिच्या तरुणपणी गावातल्या पुरुषांना गवताचं मैदान होतं आणि बायकांना त्याच्या मागची खडीची जागा, जिथे एरवी ट्रक उभे राहायचे. तिथे घसरून चेंडू काढला की खडी कातडीत शिरायची आणि तिथेच मुक्काम ठोकायची. पुरुषांची टीम त्या गवतावर नेमानं हरत असे, तरी गवत त्यांचंच.

बायकांची टीम निघाली ती कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत. कॉड माशाचे तुकडे करायच्या लांब टेबलाशी गुनवोर आणि ओशिल्ड शेजारीशेजारी उभ्या असायच्या. गुनवोर मोजकं बोलणारी. ओशिल्डच्या तोंडाचा पट्टा मात्र एकदा सुटला की यंत्राच्या आवाजावरही ऐकू यायचा. त्या दिवशी तिनं हरून आलेल्या पुरुषांची अशी काही पूजा बांधली की फोरमन वैतागून म्हणाला, “एवढं कळतं तर तूच खेळ की!”

“खेळते,” ओशिल्ड म्हणाली. “ही पण खेळते.”

ही म्हणजे गुनवोर. तिला कोणी विचारलंही नव्हतं.

ओशिल्ड गोलकीपर झाली आणि गुनवोर तिच्या पुढ्यातली बचावपटू. पुढे कितीतरी वर्षं गुनवोर पाठीमागून शिव्या खात फुटबॉल खेळली. “घोडे, डावीकडे बघ!” “अगं ए खांबा, हल की जरा!” “ती तुझ्या नाकाखालून गेली, आता काय तिला टाटा करतेस?” बाहेरगावच्या बायकांना वाटायचं, या दोघींचं जन्माचं वैर असणार. गुनवोरला त्या आवाजाचा आधार होता. पाठीमागून शिवी येते आहे म्हणजे पाठीशी कोणीतरी आहे, असा तिचा साधा हिशोब.

मैदानाबाहेरही तेच. गुनवोरचा नवरा नोव्हेंबरच्या वादळात होडीसकट गेला, तेव्हा अख्खं गाव केक घेऊन दाराशी आलं, हळू आवाजात दोन शब्द बोललं आणि पायांचा आवाज न करता परत गेलं. गुनवोर अंथरुणातून उठेना. चौथ्या-पाचव्या दिवशी ओशिल्ड आली, तिनं खिडक्या धाडधाड उघडल्या आणि म्हणाली, “ऊठ, घोडे. आंघोळ कर. तुझा वास रस्त्यापर्यंत येतोय.” गुनवोर उठली. त्या घरात त्या आठवड्यात जिवंत माणसासारखं कोणी वागलं असेल तर ती एकटी ओशिल्ड.

अशा या दोघींच्या टीमला पुढे खरं मैदान मिळालं, मग कृत्रिम गवत मिळालं, मग चांगल्या मुली मिळाल्या. एका मोसमात त्या मुली देशात इतक्या वर पोचल्या की त्यांना युरोपच्या क्लब स्पर्धेत जागा मिळाली. पोलंडच्या टीमला हरवलं, आइसलंडच्या टीमला हरवलं, आणि तारेविक, जिथे रहदारीचा एकही दिवा नाही, ते उपांत्यपूर्व फेरीत जाऊन बसलं. समोर जर्मनीतला बलाढ्य क्लब. बाद फेरीचे दोन सामने असतात, एक त्यांच्या घरी, एक आपल्या घरी, आणि दोन्हींचे गोल मिळवून निकाल लागतो. दुसरा सामना मार्चमध्ये तारेविकला होता.

ओशिल्ड तोवर शुश्रूषागृहात होती. कारखान्याचा गारठा आणि तिच्या सिगारेटी, दोघांनी मिळून तिची फुप्फुसं खाल्ली होती. नाकात नळी, पलंगाशी घरघरणारं यंत्र. पण तिच्या खोलीची खिडकी नेमकी मैदानावर उघडायची. खालच्या गोलपोस्टची जाळीसुद्धा दिसायची. ही खोली तिनं दुसऱ्या म्हातारीशी चक्क भांडून मिळवली होती.

“डॉक्टर म्हणाला, उन्हाळा बघेन की नाही सांगता येत नाही,” जानेवारीत ती गुनवोरला म्हणाली. “मी म्हटलं, उन्हाळा घाल चुलीत. मला मार्चपर्यंत ठेव. या खिडकीतून मला युरोपचा सामना बघायचाय. आपल्या मैदानावर. त्या खडीवर ढुंगण सोलून घेतलंय मी, माझा हक्क आहे.”

“बघशील,” गुनवोर म्हणाली.

“बघशील काय! मैदान तुझ्या ताब्यात आहे, घोडे. काही घोळ घातलास तर मेल्यावर येऊन छळीन.”

गुनवोरला एवढं एकच करायचं होतं. सामना कोण जिंकतं हे मुलींनी पाहावं. मैदान खिडकीसमोर आणि ओशिल्ड खिडकीत, एवढं त्या एका संध्याकाळपुरतं तिला जुळवून आणायचं होतं.

सोपं नव्हतं. युरोपच्या फुटबॉल संघटनेची माणसं शरद ऋतूत येऊन मैदान मोजून गेली होती आणि त्यांनी नाक मुरडलं होतं. खुर्च्या कमी, दिवे कमी, कपडे बदलायच्या खोल्या अरुंद. मग गावानं दुग्नाद केला. दुग्नाद म्हणजे आपलं श्रमदानच, फक्त त्यात भाषण आणि हारतुरे नसतात. सुतारानं लाकूड आणलं, कोळ्यांनी खांब उभे केले, शाळेच्या मुख्याध्यापिकेनं खुर्च्यांना रंग दिला, आणि मध्ये सगळ्यांनी मिळून वाफल आणि तपकिरी चीज खाल्लं. मैदान मंजूर झालं, काठावर. सामन्याच्या चार दिवस आधी निरीक्षक येणार, मैदान जसंच्या तसं असलं पाहिजे, एवढी अट होती.

पहिला सामना जर्मनीत झाला. तारेविक दोन-एक असं हरलं, पण तो एक गोल म्हणजे जीव होता. घरी एका गोलनं जिंकलं तरी बरोबरी, पुढचं पुढे. गाव हरखून गेलं.

आणि मग बर्फ आला. मार्चमध्ये येतोच, त्यात नवल नाही. पण हा आला तो थांबेचना. वरचा थर दिवसा किंचित वितळायचा आणि संध्याकाळी दगड व्हायचा. त्रोंडहाइम शहरातल्या मोठ्या क्लबातून फोन आला, “आमच्याकडे रबरी पात्याचं मोठं यंत्र आहे. उद्या पहिल्या फेरीबोटीनं पाठवू का?”

फोन गुनवोरनं घेतला होता. ती म्हणाली, “नको. आम्ही बघतो आमचं.”

तारेविकमध्ये हे वाक्य पोरं बोलायला लागली की लगेच शिकतात. छप्पर उडालं, आम्ही बघतो. होडी फुटली, आम्ही बघतो. बाहेरच्या माणसाकडून मदत घेणं म्हणजे त्याच्यासमोर उघडं पडणं, असा काहीतरी त्यांचा समज आहे. गुनवोरनं फोन ठेवला तेव्हा खोलीतल्या एकालाही ती चुकली असं वाटलं नाही. क्लबचा अध्यक्ष तोरगैर तर मान डोलावून म्हणाला, “बरोबर. कशाला त्यांना त्रास.”

पुन्हा दुग्नाद. अख्खं गाव फावडी घेऊन उतरलं. गुनवोरचं छोटं रबरी पात्याचं यंत्र पुढे, मागून माणसं. तिचा नियम सगळ्यांना पाठ होता, कारण वर्षानुवर्षं ती तो कानीकपाळी ओरडत आली होती. बर्फ मुळापर्यंत खरवडायचा नाही. दोन बोटं थर ठेवायचा, त्यावर मीठ टाकायचं, बाकीचं ऊन बघेल. आणि पोलादी पातं मैदानावर आणायचं नाही म्हणजे नाही; गवताचे पट्टे जिथे एकमेकांना चिकटवलेत तिथे ते फाडतं.

दुपार कलेपर्यंत मैदान जवळजवळ मोकळं झालं. राहिला होता तो खालच्या गोलपोस्टसमोरचा भाग, शुश्रूषागृहाकडचा. इमारतीच्या सावलीत तिथला बर्फ लोखंडासारखा घट्ट बसला होता. रबरी पातं त्यावरून नुसतं घसरत होतं.

“राहू दे,” तोरगैर म्हणाला. “मीठ टाकलंय. उद्या सकाळी ऊन आलं की सुटेल. निरीक्षक बाई दुपारी येणार आहे.”

गुनवोरनं वर पाहिलं. खिडकीत ओशिल्ड बसली होती, अंगावर कोट, डोक्यावर क्लबची लोकरी टोपी. ती सकाळपासून बसून होती. तिच्यासमोर नेमका तेवढाच तुकडा पांढरा राहिला होता.

तोरगैरचा ट्रॅक्टर रस्त्याकडेला उभा होता, पुढे रस्ता साफ करायचं पोलादी पातं लावलेला. गुनवोर काही न बोलता चढली. पातं फक्त वरचं कवच फोडायला वापरायचं, गवतापासून दोन बोटं वर ठेवायचं, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. हात सरावाचे होते. एक पट्टा निघाला, दुसरा निघाला, खालून हिरवं दिसलं. खिडकीतून ओशिल्डनं हात हलवला. तिसऱ्या पट्ट्याला ट्रॅक्टरचं पुढचं चाक गोठलेल्या ढेपेवर चढलं आणि धपकन उतरलं. पातं खाली गेलं, गवताच्या सांध्यात घुसलं, आणि जाडजूड कापड टराटरा फाटावं तसा आवाज झाला.

गोलपोस्टसमोरचा लांबलचक पट्टा उचकटून वर आला होता. खाली काळं खडबडीत डांबर.

त्यांनी काय केलं नाही? डिंक आणला, तो थंडीत धरेना. गॅसचे हीटर लावले, सांधा शिवायचा प्रयत्न केला, मासळीच्या जाळ्याची सुई आणि दोरा घेऊन दोन म्हातारे कोळी गुडघ्यांवर बसले. दुसऱ्या दिवशी निरीक्षक आली, स्लोव्हेनियाची, मऊ बोलणारी बाई. तिनं खाली बसून पट्ट्याखाली हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. “मला खरंच वाईट वाटतं,” ती म्हणाली आणि फोन करायला बाजूला गेली. तासाभरात ठरलं. सामना त्रोंडहाइमला.

गुनवोरनं लगेच शुश्रूषागृहाच्या डॉक्टरला गाठलं. “तिला गाडीतून न्या. नर्स बरोबर द्या. मी मांडीवर घेऊन बसते.” डॉक्टर म्हणाला, “गुनवोर, फेरीबोट, मग घाट, मग तासन् तास गाडी. ती पोचायची नाही.”

आता गावानं काय करावं? दुसरीकडे कुठे लोक अंगावर धावून आले असते, निदान चार खडे बोल सुनावले असते. तारेविकमध्ये कोणी ब्र काढला नाही. तोरगैर म्हणाला, “होतं असं. कॉफी घे.” दुकानात बायकांनी तिच्यासाठी दार धरून ठेवलं. रांदी, आताची गोलकीपर, जिला लहानपणी ओशिल्डनं चेंडू पकडायला शिकवलं होतं, तिनं तर मिठी मारली. “तू इतकी वर्षं सांभाळलंस मैदान,” ती म्हणाली. गुनवोरच्या घरी पायरीवर कोणीतरी केक ठेवून गेलं. एकानंही तोंड वर करून विचारलं नाही की बाई गं, तू, तू पोलादी पातं आणलंस? ही सभ्यता नव्हे, हा छळ आहे. पण त्यांना तो तसा दिसत नाही, त्याला कोण काय करणार.

गुनवोरला वाटलं, ओशिल्ड सोडणार नाही. ती जिना चढून गेली ती मान खाली घालून, आयुष्यभराची मोठी शिवी खायच्या तयारीनं. दारात उभी राहिली.

ओशिल्ड पलंगावर होती. टोपी काढून ठेवलेली. तिनं गुनवोरकडे पाहिलं आणि म्हणाली, “ये. बस. कॉफी आहे थर्मासमध्ये.”

“ओशिल्ड, मी...”

“चालायचंच,” ओशिल्ड म्हणाली.

गुनवोर बसली. तिनं कॉफी ओतली आणि ती तशीच थंड होऊ दिली. दुसऱ्या दिवशीही तेच. “ये. बस. थंडी आहे का बाहेर?” नवऱ्याच्या वेळी गाव जसं बोललं होतं, त्याच आवाजात. गुनवोर घरी गेली आणि स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच रडली. इतकी वर्षं जी बाई तिला एक वाक्य सरळ बोलली नाही, ती आता पाहुण्याशी बोलावं तसं बोलत होती. गुनवोरला एकच अर्थ लागला. ओशिल्डनं तिला मनातून पुसून टाकलं होतं.

सामन्याच्या दिवशी सकाळी गावातून बसगाड्या निघाल्या. झेंडे, लोकरी गळपट्टे, पावाचे डबे. तोरगैरनं गुनवोरसाठी पुढची जागा ठेवली होती. ती बसच्या दारापर्यंत गेली आणि म्हणाली, “तुम्ही जा. मी तिच्याजवळ बसते.” कोणी आग्रह केला नाही. बसगाड्या वळणाआड गेल्या तेव्हा गावात कुत्र्यांशिवाय आवाज उरला नाही.

संध्याकाळी दोघी खोलीत बसल्या. नर्सनं टीव्ही लावून दिला आणि वाफल ठेवले. बाहेर मैदानावर फाटक्या भागावर निळी ताडपत्री होती, तिच्या कडांवर दगड. ओशिल्डला खुर्चीत बसवलं होतं, मांडीवर पांघरूण. ती एकदा खिडकीतून बाहेर बघायची, एकदा टीव्हीकडे.

तारेविकनं अर्ध्या वेळेच्या आधी गोल मारला. एकूण दोन-दोन. त्रोंडहाइमच्या त्या मोठ्या मैदानात आपलंच गाव एका कोपऱ्यात ओरडताना दिसलं, मुख्याध्यापिका तर खुर्चीवर उभी होती. गुनवोरनं ओशिल्डकडे पाहिलं. ओशिल्ड हसली, पण आवाज केला नाही.

मग उत्तरार्धात जर्मन मुलीनं लांबून उंच चेंडू टाकला. रांदी तो पकडायला गोल सोडून पुढे आली, उशिरा आली, आणि चेंडू तिच्या डोक्यावरून जाळीत गेला. असला गोल पडला की ओशिल्डच्या तोंडून जे निघायचं ते ऐकून पाद्री खुर्ची बदलत असे. गुनवोर वाट पाहत राहिली.

ओशिल्डनं मांडीवरचं पांघरूण सारखं केलं.

“ती लाईन सोडून आली,” गुनवोर म्हणाली. “पाहिलंस ना?”

“हं. लहान आहे. शिकेल.”

गुनवोर उठून टीव्हीच्या आडवी उभी राहिली. “बास! बास झालं, ओशिल्ड. कॉफी घे, चालायचंच, शिकेल. हे अख्ख्या गावानं ऐकवलं मला, तू नको ऐकवूस. मी घालवला तुझा सामना. या हातांनी घालवला. मला शिव्या दे. तुला मला टाकायचं असेल तर टाक, पण शिव्या देऊन टाक!”

ओशिल्डनं डोळे मिटले, उघडले. यंत्र घरघरत होतं.

“शिव्या द्यायला दम लागतो गं,” ती म्हणाली. मध्ये थांबली, श्वास घेतला. “रोज सकाळी ठरवते. आज आली की सोलून काढायची. शब्द जुळवून ठेवते... चांगलेचुंगले. मग तू दारात येतेस...” पुन्हा श्वास. “तोंड उघडेस्तोवर दम संपतो. मग कॉफी म्हणते. कॉफी छोटा शब्द आहे.”

गुनवोर हळूहळू खाली बसली. इतके दिवस तिला वाटत होतं की ओशिल्ड रागावली आहे. मधूनच, झोपताना, वाटायचं की तिनं माफ केलं असेल. यातलं काहीच नव्हतं. ओशिल्ड संपत आली होती, इतकंच होतं.

टीव्हीवर तारेविकच्या मुली गोलसाठी धावत होत्या. वेळ थोडा उरला होता.

“बरं,” गुनवोर म्हणाली. तिनं खुर्ची ओढून ओशिल्डच्या समोर घेतली. “मग मी देते. तुझ्या वतीनं. तू नुसती ऐक. मी चुकले तर बोट वर कर.”

ओशिल्डच्या डोळ्यांत काहीतरी हललं. तिनं हात पांघरुणावर ठेवला.

गुनवोरनं घसा खाकरला. तिला याची सवय नव्हती. “गुनवोर, तू फार निष्काळजीपणा केलास.”

बोट ताबडतोब वर झालं.

“बरं बरं. अगं ए घोडे, तुझ्या धडावर डोकं आहे की कॉडचं मुंडकं?”

बोट खाली. ओशिल्डच्या खांद्यांना हसल्यासारखा धक्का बसला आणि त्याचा खोकला झाला. गुनवोरनं तो ओसरू दिला.

“जन्मभर लोकांना पोलादी पातं, पोलादी पातं म्हणून कोकलत होतीस, आणि स्वतः चढलीस ट्रॅक्टरवर! कशाला? तर म्हणे हिला हिरवं दाखवायचं. मी काय गाय आहे, हिरवं बघायला? त्रोंडहाइमवाले यंत्र देत होते. आम्ही बघतो म्हणे! बघितलंस ना? आता बघ, ती ताडपत्री बघ!” तिचा आवाज चढला होता, आणि तो हळूहळू तिचा राहिला नव्हता. “एक काम होतं तुझ्याकडे. एक! मी डॉक्टरकडे मार्च मागून घेतला होता. श्वास मोजून वापरले मी. पुढच्या वर्षी ही खिडकी असेल, मैदान असेल, तू असशील, आणि मी नसेन, हे ठाऊक होतं ना तुला? ठाऊक होतं ना? मग मला एवढं पण दाखवता आलं नाही?”

तिचा आवाज तुटला. टीव्हीवर शेवटची शिट्टी वाजली, जर्मन मुली एकमेकींच्या अंगावर पडल्या, रांदी गोलपोस्टला पाठ टेकून खाली बसली.

गुनवोरनं ओशिल्डच्या हाताकडे पाहिलं. ती बराच वेळ बघत राहिली, बोट आता वर होईल म्हणून. ओशिल्ड तिच्याकडे टक लावून बघत होती, पूर्ण जागी, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बोट पांघरुणावरच होतं.